विश्लेषण : पहिली नायट्रो आरसी कार घेताय? आधी इंधनाची सोय पाहा!

धूर सोडत, माती उडवत सुसाट जाणाऱ्या रिमोटच्या गाड्यांचे रील्स पाहून अनेकांना पहिला प्रश्न पडतो, ‘कोणती घेऊ?’ यवतमाळ, वणी, पुसद किंवा उमरखेडमध्ये राहणाऱ्याने मात्र त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा, ‘हिचे इंधन कुठून आणू?’ या गाड्यांचा खर्च, मजा आणि धोका हे तिन्ही त्या इंधनाशीच जोडलेले आहेत.

नायट्रो कार म्हणजे नेमके काय?

बॅटरीऐवजी छोट्या टू-स्ट्रोक इंजिनवर धावणारी रिमोट कंट्रोल गाडी. शेतातील पेट्रोलवरचा फवारणी पंप पाहिला असेल, तर इंजिनाचे तत्त्व ओळखीचेच आहे. फरक आकाराचा आणि इंधनाचा. हे इंजिन साधारण अडीच ते साडेतीन सीसीचे असते आणि मिनिटाला ३० हजारांहून अधिक फेरे घेऊ शकते. इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगण तेल असते. नायट्रोमिथेनमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळते आणि ताकद वाढते.

पेट्रोल टाकले तर चालेल का?

नाही. या इंजिनात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. सुरू करताना त्याची तार बॅटरीने तापवतात. पुढे ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या तारेवर होणारी मिथेनॉलची रासायनिक क्रिया यामुळे ती लाल राहते. पेट्रोलमध्ये ही क्रिया होत नाही. फवारणी पंपासाठी केलेले पेट्रोल-ऑइलचे मिश्रणही इथे निरुपयोगी आहे.

इंधन मिळवणे अवघड का?

हे इंधन पेट्रोल पंपावर किंवा कृषी केंद्रात मिळत नाही, हॉबी विक्रेत्याकडूनच घ्यावे लागते. ज्वलनशील द्रव टपालाने पाठवण्यास मनाई आहे. त्यामुळे गाडी घरपोच आली, तरी इंधनही तसेच येईल असे गृहीत धरू नका. मिथेनॉल विषारी असल्याने त्याच्या खरेदी-विक्रीवर परवान्याचे बंधन आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक बळी घेतले होते. म्हणून सुटे मिथेनॉल मिळवून घरी मिश्रण करण्याच्या फंदात पडू नका.

खपाचा हिशेबही करा. १/१० आकाराच्या गाडीची टाकी साधारण ७५ मिलिलिटरची असते आणि ती आठ-दहा मिनिटे पुरते. म्हणजे एक लिटर इंधनात जेमतेम दोन तास. त्यातही नव्या इंजिनाच्या पहिल्या पाच-सहा टाक्या ‘रनिंग-इन’मध्ये, म्हणजे कमी वेगात इंजिन रुळवण्यात जातात.

गाडी निवडताना काय पाहावे?

- पहिली गाडी ‘रेडी-टू-रन’, म्हणजे जोडून तयार असलेली घ्या.
- सपाट रस्त्यावरची ऑन-रोड गाडी सुंदर दिसते, पण मोकळ्या मातीच्या मैदानात बगी किंवा ट्रकच टिकतो.
- क्लच, गिअर, सस्पेन्शन आर्म आणि ग्लो प्लग भारतात मिळतात का, हे ऑर्डरआधी विचारा. एका तुटलेल्या आर्मपायी गाडी महिनोन्महिने पडून राहू शकते.
- ‘फेलसेफ’ची सोय हवीच. सिग्नल तुटला की ती ब्रेक लावते. नाहीतर काही किलो वजनाची गाडी पूर्ण वेगात कुणाच्याही पायावर आदळू शकते.
- ग्लो इग्नायटर, इंधनाची बाटली आणि आफ्टर-रन ऑइल किटमध्ये आहे का, हे तपासा. नसल्यास त्यांचा खर्च वेगळा.

इथल्या उन्हाचे आणि धुळीचे काय?

डिसेंबरच्या पहाटे जुळवलेला कार्ब्युरेटर मे महिन्याच्या उन्हात तसाच चालत नाही. हवा बदलली की निडल पुन्हा जुळवावी लागते. वंगण इंधनातच असल्याने इंधन कमी पडले, तर इंजिन तापते आणि वंगणही घटते. इंजिनाचे तापमान साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. ते मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. कपाळावर धरून ताप पाहण्याचे यंत्र इथे चालत नाही.

काळ्या मातीची बारीक धूळ इंजिनात गेली, तर पिस्टन लवकर झिजतो. फोमचा एअर फिल्टर तेल लावून वापरा आणि वेळोवेळी धुवा. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते. म्हणून खेळून झाल्यावर टाकी रिकामी करून इंजिनात आफ्टर-रन ऑइल सोडा, नाहीतर पावसाळ्यात बेअरिंग गंजतात.

कोणती खबरदारी घ्यावी?

२०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांचे बळी गेले. विष केवळ तोंडावाटे शरीरात जात नाही, हे तेव्हा सर्वांना कळले. मिथेनॉलही त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते. हातमोजे वापरा आणि इंधन मोकळ्या हवेतच भरा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही ठेवू नका. पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. गंभीर लक्षणे दिसायला बारा तास किंवा अधिक वेळ लागू शकतो, त्यामुळे ‘काही होत नाही’ म्हणत घरी न थांबता लगेच रुग्णालय गाठा आणि इंधनाचा डबा सोबत न्या.

मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही. कापसाचे ढीग, कडबा, वाळलेले गवत आणि जिनिंगच्या परिसरापासून गाडी दूर ठेवा.

मग घ्यावी की नाही?

इंधनाचा नियमित, अधिकृत विक्रेता आणि वस्तीपासून लांब मोकळे मैदान असेल, इंजिनाशी खटपट करण्याची आवड असेल, तर जरूर घ्या. लहान मुलासाठी घेत असाल किंवा इंधनाची खात्री नसेल, तर ब्रशलेस मोटरची बॅटरीवरची गाडी बरी. तीही वेगवान असते. इंजिनच हवे असेल, तर १/५ आकाराच्या गाड्या पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणावर चालतात. त्या महाग आणि जड असतात, पण त्यांचे इंधन तालुक्याच्या पंपावर मिळते.

म्हणून विक्रेत्याला ‘वेग किती?’ हे विचारण्याआधी ‘पुढच्या सहा महिन्यांचे इंधन आणि सुटे भाग कोण देणार?’ हे विचारा. उत्तर गोलमोल असेल, तर पैसे भरू नका.