गाडी तापली तर झाकणाला हात लावू नका!

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, गाव कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी. मार्चमध्ये गावी गेलो होतो, तेव्हा काकांसोबत ट्रॅक्टरवर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडे निघालो. तीर्थपुरीच्या अलीकडे टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. काकांनी इंजिन बंद केलं. मी पाण्याची बाटली घेतली आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

काका ओरडले, "अरे, भाजून घेतो का! बस गुमान सावलीत."

बीटेक झालेल्या मला हे ठाऊक नव्हतं. तर आज तेच समजून घेऊ.

इंजिनात पाणी नुसतं भरलेलं नसतं, ते सतत फिरतं. बेल्टवर चालणारा वॉटर पंप ते ब्लॉकमध्ये ढकलतो. तिथं सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून ते वर हेडमध्ये जातं आणि उष्णता घेतं. पुढं वाटेत थर्मोस्टॅट. आत मेणाची छोटी डबी असते. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. ना सेन्सर, ना कोड! काहीजण हा थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग इंजिन गार राहतं, डिझेल जास्त पितं आणि झिजतंही लवकर.

वाट उघडली की पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येतं, फॅनच्या हवेने निवतं आणि खालच्या पाइपने परत पंपाकडे जातं.

आता झाकण. ते आतला दाब धरून ठेवतं, कुकरसारखं. बाहेरच्यापेक्षा सुमारे १ बार जास्त दाब असेल तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे ११० अंशांचं पाणीही आत शांत असतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि त्याच क्षणी पाण्याची वाफ होऊन ते तोंडावर उडतं. काकांनी मला यातूनच वाचवलं.

पाऊण तासाने वरचा पाइप हाताला गार लागला, तेव्हा काकांनी फडकं टाकून झाकण हळूहळू सोडलं. पाणीही एकदम ओतलं नाही, कारण तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

दोष दोन निघाले. बाहेरून रेडिएटरच्या जाळीत उसाचं पाचट अडकलेलं आणि आत बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर. वर्षानुवर्षं आम्ही बोअरचंच पाणी भरत होतो! नळ्या चोंदल्या की पाणी फिरणार कसं?

आता आम्ही कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं टाकतो. त्याने क्षार साचत नाहीत, गंजही धरत नाही. आणि ऊस वाहतुकीच्या दिवसांत रोज सकाळी जाळी झटकायचं काम, मी गावी असलो की, माझ्याकडे.

तुमच्या घरी कोण ट्रॅक्टर चालवत असेल तर हा भाग त्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!