मोठी ढाल, आडोसा आणि शेजारी उभा मित्र

मेजाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या साहाय्याने खेळावयाचे अद्भुतरम्य युद्धाचे खेळ आता आपल्या वसतिगृहातील मोठ्या मुलांपर्यंत पोहोचले आहेत. त्यांपैकी सर्वपरिचित ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ‘बुद्धविचारावर चालणाऱ्या शाळेत लढाईचा खेळ कशासाठी?’ असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात, तथागत ज्यांपासून दूर राहतात अशा करमणुकींत पट आणि फासे येतात. सिगालोवाद सुत्तात द्यूत हे संपत्तिनाशाच्या सहा कारणांपैकी एक सांगितले आहे. म्हणून उत्तर देण्यापूर्वी खेळाचे नियम मुलांना काय शिकवतात, हे ढाल आणि आडोसा या एका प्रकरणापुरते पाहू.

हल्ला करणारा वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपले कौशल्य मिळवतो. बेरीज समोरच्याच्या संरक्षणांकाइतकी किंवा अधिक झाली तर घाव लागतो. कौशल्य ४ आणि संरक्षणांक १३ असेल तर फाशावर ९ किंवा अधिक हवेत. म्हणजे शंभरांत साठ घाव लागतील. २०१४ च्या आवृत्तीत ढालीने संरक्षणांक २ ने वाढतो. घाव पन्नासांवर येतात. अर्धे शरीर भिंतीआड असेल तर आणखी २ मिळतात, घाव चाळीस. तीन चतुर्थांश शरीर झाकले तर त्या २ ऐवजी ५ मिळतात, घाव पंचवीस. पूर्ण आडोसा असेल तर थेट नेमच धरता येत नाही. दोन आडोशांची बेरीज होत नाही, मोठा तेवढाच धरतात. ढाल आणि आडोसा यांची मात्र होते.

संरक्षण फुकट मिळत नाही. ढालीसाठी एक हात द्यावा लागतो, म्हणून धनुष्य चालवता येत नाही. २००३ च्या आवृत्तीत माणसाएवढी उंच ढाल आहे. ती ४ गुण देते, पण स्वतःच्या हल्ल्यातून २ वजा करते. तिच्यामागे पूर्णपणे लपायचे असेल तर आपले हल्ले सोडून द्यावे लागतात.

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटतात ते पुढचे दोन नियम. मध्ये उभा असलेला माणूस, मित्र असो वा शत्रू, हाही अर्धा आडोसाच मानला जातो. म्हणजे पुढे उभ्या राहिलेल्या मित्राचे मोल हिशेबात ढालीइतकेच, २ गुण. तो स्वतः मात्र उघड्यावर असतो. दुसरा नियम रक्षणाचे कसब शिकलेल्या ढालकऱ्याचा. शेजाऱ्यावर वार होताना त्याने ढाल मध्ये घातली, तर हल्लेखोराला दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. साठ टक्क्यांची शक्यता साठ गुणिले साठ, म्हणजे छत्तीस टक्क्यांवर येते. मात्र एका फेरीत हे एकदाच करता येते. कोणाला वाचवायचे ते ठरवावेच लागते.

बोरिवलीजवळच्या एक्सर गावातील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. शिलाहार आणि यादव यांच्या तेराव्या शतकातील संघर्षाशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. वीरगळ पराक्रमाबरोबर मरणाचीही नोंद ठेवतो. फाशाच्या खेळात मरण स्वस्त होते, हे मुलांना त्या शिळांसमोर उभे करून सांगता येते.

शत्रू मारल्याचे गुण हा खेळ देतो, हे आम्ही नाकारत नाही. परंतु जवळून केलेल्या शेवटच्या घावाने ठार न करता केवळ बेशुद्ध करण्याची मुभाही त्याच नियमांत आहे. ती वापरावी की नाही, हे फासा ठरवत नाही, खेळणारा ठरवतो.

म्हणून पालकांना आमचे उत्तर असे : पैसा किंवा वस्तू पणाला लावली जाणार नसेल, अभ्यासाची व वंदनेची वेळ मोडणार नसेल, तर हा खेळ चालू द्यावा. मात्र खेळ संपल्यावर मुलाला ‘किती जणांना मारलेस?’ असे विचारू नये. ‘आज कोणाच्या पुढे उभा राहिलास?’ असे विचारावे.