आठ डोळ्यांची आई

रविवारी सकाळी अख्खं नाशिक मिसळीच्या रांगेत असतं, तेव्हा मी अंजनेरीच्या पायथ्याशी गवतात पोटावर पडलेली असते. समोर वुल्फ स्पायडर. ही बाई जाळं विणत नाही, धावून शिकार करते आणि अंड्यांची गोल पिशवी मागे चिकटवून सगळीकडे मिरवते. पिल्लं बाहेर आली की थेट आईच्या पाठीवर! असा फोटो मिळाला की सोमवारचं टार्गेट वगैरे सगळं माफ.

त्यासाठी महागडी लेन्स हवीच असं नाही. साधी किट लेन्स रिव्हर्स रिंगने उलटी लावा, झाली मॅक्रो. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर लावा, नाहीतर चकचकीत अंग पांढरंफटक येतं.

एक गोष्ट मात्र खटकते. हिरवी लिंक्स स्पायडर पानावरच्या पिशवीला कवटाळून राखण करत बसते. अँगलसाठी ते पान तोडणारे, तिला काडीने बाजूला सारणारे हौशी मी पाहिलेत. आई हटली की मुंग्यांना रान मोकळं. अशा फोटोला लाइक कसले देता?

ठाण्यात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये २६/११चे शहीद तुकाराम ओंबळेंचं नाव मिळालं, ‘आयसियस तुकारामी’. म्हणजे शहराच्या कुशीतही बिननावाचे कोळी आहेतच!

तुम्ही सुरुवात बाथरूमपासून करा. कोपऱ्यातली लांबपायी कोळीण अंड्यांचा गठ्ठा जबड्यात धरून बसली असेल, तर आईच्या हातातला झाडू आधी काढून घ्या.