लाखेच्या तबकडीतला मिरजेचा सूर

कासाराकडच्या लाखेच्या बांगड्या तुम्हांला ठाऊक आहेत. झाडाच्या फांदीवर बारीक किडे असतात, ते ही लाख तयार करतात. त्याच लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून पूर्वी गाण्याच्या तबकड्या करीत.

तबकडीवर एक बारीक चर असतो. तो गोल गोल फिरत आत जातो. गाणाराचा आवाज त्या चरात नागमोडी उमटलेला असतो. फोनोला चावी द्यायची. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. सुई चरातून धावते, थरथरते, आणि कर्ण्यातून गाणं बाहेर येतं. वीज नको, काही नको!

अशा तबकड्या काढणारी ओडियन नावाची कंपनी होती. ती १९०३ साली जर्मनीतल्या बर्लिन शहरात निघाली. आधी तबकडीच्या एकाच बाजूला गाणं असे. ओडियनने १९०४ साली दोन्ही बाजूंना गाणी भरून विकली. म्हणजे एका तबकडीत दोन गाणी झाली की!

पुढे हीच कंपनी हिंदुस्थानात गाणी भरू लागली. आपल्या मिरजेत तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेब राहत. ते मूळचे उत्तरेकडच्या कैराना गावचे. मैफलीत ते एकच राग तासभर आळवीत. तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन मिनिटं! एवढ्यात माणूस काय गाणार? पण खाँसाहेबांनी गाऊन दाखविलं. ओडियनसाठी १९३० नंतर त्यांनी गायलेल्या ठुमऱ्या लोक अजून ऐकतात. १९३७ साली ते वारले. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे.

लाखेच्या तबकड्या आता कोणी करीत नाही. आहेत त्या जपणाऱ्या लोकांनी १९९० साली मुंबईत एक संस्थाही काढली. हातातून पडली की तबकडी खापरासारखी फुटते. दुसऱ्या महायुद्धात लाख मिळेना, तेव्हा परदेशात जुन्या तबकड्या गोळा करून वितळविल्या. त्यांत किती गळे गेले, कोण जाणे.

तुमच्या माळ्यावर एखादी तबकडी असेल, तर ती उन्हात ठेवू नका. ऊन लागलं की ती वाकते. एकीवर एक रचू नका, उभ्या लावा. मऊ ओल्या फडक्याने हलके पुसा. स्पिरिट मुळीच लावू नका, त्यात लाख विरघळते. लोखंडी सुई एका बाजूला एकदाच वापरा. बोथट सुई चर खाऊन टाकते. मधल्या कागदी चकतीवर नंबर असतो, तो उतरून ठेवा. जमविणारे लोक आधी तोच विचारतात.