मोबाईल आणि मनःस्वास्थ्य

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव येथें इ. स. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत एक नवा परिपाठ सुरू झाला. सायंकाळीं ७ वाजतां देवळावरचा भोंगा वाजावा आणि ८॥ वाजेपर्यंत घरोघरचे मोबाईल व दूरदर्शनसंच बंद राहावेत, असा तो नियम. कोरोनाच्या सांथींत शाळाच मोबाईलवर भरली होती; सांथ ओसरली तरी मुलांच्या हातून तें यंत्र कांहीं सुटेना, म्हणून ग्रामस्थांनीं हा उपाय योजिला. दीड तासानें असें काय साधणार, असें कोणी विचारील. तेव्हां हें यंत्र मुलांच्या मनापर्यंत कोणत्या वाटेनें पोंचतें, तें आधीं पाहूं.

मुख्य वाट निद्रेची. १३ ते १८ वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोंप हवी, असें वैद्यांचें सांगणें आहे. अंधार पडला म्हणजे मेंदूंतील एका लहानशा ग्रंथींतून मेलाटोनिन नांवाचा स्राव वाहूं लागतो व शरीर झोंपेच्या तयारीस लागतें. कुमारवयांत हा स्राव मुळांतच उशिरां सुरू होतो. त्यांत डोळ्यांसमोर धरलेला उजेड त्यास आणखी लांबवितो. शिवाय पुस्तकाचें प्रकरण केव्हां तरी संपतें. मोबाईलवरील चित्रांची माळ मात्र संपूंच नये अशी रचिलेली असते. अपुऱ्या झोंपेपाठोपाठ चिडचिड, उदासी व विस्मरण हीं येतात, आणि घरांत मात्र 'मुलगा अलीकडे तिरसट झाला' एवढेंच बोललें जातें!

दुसरी वाट तुलनेची. इन्स्टाग्रामच्या चालकांनींच केलेली एक पाहणी इ. स. २०२१ मध्यें उघडकीस आली. आपल्या शरीराविषयीं खिन्न असणाऱ्या मुलींपैकीं शेंकडा ३२ जणींनीं, इन्स्टाग्राममुळें ती खिन्नता वाढते, असें तींत सांगितलें होतें.

सर्व दोष मोबाईलचाच, असें आम्ही म्हणत नाहीं. इ. स. २०१९ मध्यें ऑक्सफर्ड येथील दोघां संशोधकांनीं तीन लक्षांहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हां सरसकट पाहतां हा परिणाम अत्यल्प आढळला. पण जो मुलगा आधींच एकटा पडला आहे, त्याची व्यथा अशा सरासरींत बुडून जाते.

ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवण्याची बंदी अंमलांत आणिली. तो कायदा मुलांपुरता आहे. वडगांवच्या भोंग्यानें मात्र वडिलांचाही मोबाईल बंद करविला, आणि सायंकाळची मालिका पाहणाऱ्या आजीबाईंसही सूट दिली नाहीं. आम्हांस त्या नियमाचें मर्म येथेंच दिसतें.