शरणागती : पराभव की आश्रय?

इंदूर शहरातील कृष्णपुरा भागात नदीकाठी होळकर घराण्याच्या छत्र्या उभ्या आहेत. त्यांतील एक कृष्णाबाई माँसाहेबांच्या स्मरणार्थ बांधलेली आहे. या राजमातेच्या हयातीत होळकर दौलतीवर शरणागतीचा प्रसंग ओढवला. दिनांक २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा मोड झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे तह झाला. अल्पवयीन मल्हारराव होळकरांच्या वतीने तात्या जोग यांनी, तर इंग्रजांच्या वतीने सर जॉन माल्कम यांनी वाटाघाटी केल्या. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरील हक्क गेले. मात्र त्याच तहाने उरलेल्या राज्याच्या रक्षणाची जबाबदारी विजेत्याने पत्करली. शरण जाणाऱ्याने काय सोडले आणि शरण घेणाऱ्याने काय स्वीकारले, अशा दोन बाजू प्रत्येक शरणागतीला असतात. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे.

या विचाराचे निमित्त एका प्रौढ दीक्षार्थी स्त्रीने मला विचारलेला प्रश्न हे होय. प्रभूला शरण जाण्याविषयी मी बोलत असता ती म्हणाली, “फादर, आजवर पुष्कळांच्या पाया पडले. आता आणखी एकाच्या पडायचे का?” त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

रोमन प्रथा

प्राचीन रोममध्ये शरणागतीचा विधी ठरीव प्रश्नोत्तरांचा होता. कोलातिया नगराच्या शरणागतीच्या संदर्भात इतिहासकार लिव्ही याने त्याचा नमुना दिला आहे. तुम्ही स्वतःच्या अखत्यारीत असलेले लोक आहात काय, आणि आपली माणसे, नगर, शेते, पाणी, सीमा, देवालये, देवाची व माणसांची म्हणून असलेली प्रत्येक वस्तू स्वाधीन करता काय, असे नगराच्या प्रतिनिधींना विचारले जाई. त्यांनी होकार दिल्यावर रोमन अधिकारी ‘मी स्वीकारतो’ असे म्हणे. विधी पूर्ण होई तो या स्वीकाराने.

या कृतीला रोमन लोक ‘फिदेस’मध्ये येणे असे म्हणत. फिदेस म्हणजे विश्वास, वचन, भरवसा. हाच शब्द पुढे लॅटिन ख्रिस्तसभेने ‘श्रद्धा’ या अर्थी वापरला, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. परंतु या शब्दाने घात झाल्याचेही उदाहरण आहे. इ. स. पू. १९१ मध्ये ग्रीसमधील एतोलियन लोकांनी आपणांस रोमच्या ‘विश्वासा’वर सोपविले. त्यांना वाटले, आता दया मिळेल. रोमन सेनापती ग्लाब्रिओने मात्र अटी फर्मावल्या, आणि त्यांच्या प्रतिनिधीने हरकत घेताच साखळदंड आणवले. रोमन भाषेत त्या शब्दाचा अर्थ बिनशर्त शरणागती असा होता. उलटपक्षी सिसेरोने असे प्रतिपादिले आहे की, तटाला धडक बसल्यानंतरही जे शस्त्रे ठेवून सेनापतीच्या विश्वासावर येतात, त्यांना आश्रय दिलाच पाहिजे. अर्थात, ‘विश्वास’ म्हणजे बेडी की आश्रय, हे घेणाऱ्याच्या वर्तनावर अवलंबून राहिले.

मध्ययुगातील विधी

मध्ययुगीन युरोपात मांडलिक आपल्या स्वामीसमोर शस्त्राविना, उघड्या डोक्याने गुडघे टेकी व आपले जोडलेले हात स्वामीच्या हातांत ठेवी. स्वामी ते हात आपल्या तळव्यांत घेई. त्यानंतर निष्ठेची शपथ होई. मांडलिकाने सेवा द्यावयाची, स्वामीने संरक्षण व निर्वाह द्यावयाचा, असा तो करार होता. पाश्चात्त्य ख्रिस्ती लोकांनी प्रार्थनेसाठी हात जोडण्याची पद्धत याच विधीवरून घेतली असावी, असे अनेक इतिहासकार मानतात. आपल्या गुरुदीक्षाविधीत उमेदवार आपले जोडलेले हात महागुरुस्वामींच्या हातांत ठेवून आज्ञाधारकतेचे वचन देतो, तेथेही हीच खूण आहे.

पण हाच काळ विधीच्या अपयशाचाही साक्षी आहे. जानेवारी १०७७ मध्ये राजा चौथा हेन्री कनोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस अनवाणी उभा राहिला आणि पोप सातवे ग्रेगरी यांनी त्याला क्षमा केली. तथापि हृदयपालट झाला नाही. संघर्ष पुन्हा पेटला आणि १०८५ साली ग्रेगरी रोमबाहेर, सालेर्नो येथे निवर्तले. ११६२ साली मिलान नगराचे लोक सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाला शरण गेले. तरीही नगर उद्ध्वस्त करण्यात आले. पहिल्या प्रसंगी शरण जाणाऱ्याने आपली बाजू पाळली नाही, दुसऱ्या प्रसंगी शरण घेणाऱ्याने दया दाखविली नाही.

आपली परंपरा

आपल्याकडे दाती तृण धरून शरण जाण्याची रीत होती. ‘मी तुमची गाय आहे, मला मारू नका’ असा तिचा आशय. पदर पसरणे, लोटांगण घालणे हे वाक्प्रचारही त्याच कुळातले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले व १२ आपल्याकडे राखले. पुढे १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात ते नजराणा घेऊन गेले. त्याच्या उत्तरी योग्य तो मान आला नाही, तेव्हा त्यांनी भर दरबारात आपला संताप प्रकट केला. एका बाजूने पाळलेला विधी म्हणजे केवळ मानहानी, हे त्यांनी ओळखले होते.

आपला ‘शरण’ शब्द मात्र मोठा बोलका आहे. संस्कृतात त्याचा अर्थ आश्रय, रक्षण, निवारा असा आहे. शरण जाणे म्हणजे मूळात घरात येणे.

पवित्र शास्त्राची दृष्टी

राजांच्या पहिल्या पुस्तकात (२०:३१-३२) पराभूत बेन-हदादचे सेवक कमरेला गोणपाट व डोक्याला दोर बांधून इस्राएलच्या राजाकडे येतात. त्यांचा धनी स्वतःला दास म्हणवितो. राजा मात्र त्याला भाऊ म्हणतो. त्या राजाचे धोरण पुढे दोषास्पद ठरले, तरी शरणागताला कोणत्या नात्याने हाक मारता येते, हे त्या एका शब्दाने दिसते.

शुभवर्तमान याहून पुढे जाते. येथे प्रथम स्वाधीन होतो तो प्रभूच. गेथशेमानी बागेत तो स्वतःला माणसांच्या हाती देतो. शिष्यांपुढे गुडघे टेकून त्यांचे पाय धुतो. संत पौल फिलिप्पैकरांस सांगतो त्याप्रमाणे (२:६-११) तो स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतो. ज्याने आधी आपले पाय धरले, त्याच्या पायांशी आपण जातो. म्हणून त्या भगिनीला द्यावयाचे उत्तर असे : बाई, येथे पाया पडणे हे शेवटचे नव्हे, उत्तरादाखलचे आहे.

आपले कर्तव्य

यावरून धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. ‘शरण जा’ असे शिकविताना ‘तो स्वीकारतो’ हे वाक्य कधीही गाळू नये. ज्यांनी सावकाराच्या वा जमीनदाराच्या दारी डोके टेकविले आहे, त्यांच्यापुढे हा शब्द उच्चारताना आधी आश्रयाचा अर्थ सांगावा, मग आज्ञापालनाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दीक्षार्थी प्रभूला शरण येतो, आपल्याला नव्हे. त्याचे जोडलेले हात काही काळ आपल्या तळव्यांत असतात, ते प्रभूच्या वतीने. विश्वासाने आलेल्या माणसाने आपल्याकडे साखळदंड पाहिले, तर त्या विश्वासघाताचा जाब आपणांस द्यावा लागेल.

गुरुदीक्षेच्या दिवशी आपण आपले हात दुसऱ्याच्या हातांत दिले होते. ते हात किती सावकाशीने धरले गेले, हे प्रत्येकाने आठवावे आणि आपल्या दारी येणाऱ्याचे हात तसेच धरावेत.