घोडेस्वारी व अमेरिकेतील कॉलेज-प्रवेश : आधी हिशोब

महागडा घोडा घेऊन दिला की मुलाला कॉलेजचे दार उघडले, अशी अमेरिकेतील काही पालकांची समजूत असते. आम्ही व्यापारी माणसे, म्हणून याचा हिशोब मांडून पाहू.

तेथे वाटा दोन आहेत. पहिली, एनसीएए या संस्थेच्या नियमांखालील संघ. हा खेळ तेथे फक्त मुलींचा आहे. ऑबर्न, जॉर्जिया, टेक्सास ए अँड एम या विद्यापीठांत शिष्यवृत्ती मिळू शकते. परंतु संघ थोडे, जागा त्याहून थोड्या. दुसरी वाट, 1967 साली सुरू झालेली आयएचएसए ही आंतरमहाविद्यालयीन संघटना. तिच्यात मुलगे-मुली, नवशिके-तरबेज सर्वांना जागा आहे.

दोन्हीकडे स्पर्धेचा घोडा यजमान कॉलेज पुरवते. वाट्याला येईल त्यावर बसायचे. म्हणजे पारख स्वाराची होते, घोड्याच्या किमतीची नव्हे. तेव्हा कर्ज काढून घोडा घेण्यापेक्षा तबेल्यात मेहनत करून निरनिराळ्या घोड्यांवर बसण्याचा सराव करावा.

आम्ही नमुना पाहून थान घेतो; तसे प्रशिक्षक स्वारीची छोटी चित्रफीत पाहतात. ती वेळेवर तयार ठेवावी. अभ्यासही हवाच. एनसीएएच्या पहिल्या श्रेणीसाठी हायस्कूलचे 16 मुख्य अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. हार्वर्ड, येल यांसारख्या आयव्ही लीगच्या कॉलेजांत तर खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. तेथे मदत घरची ऐपत पाहून मिळते.

प्रशिक्षकाला पत्र मुलाने स्वतः लिहावे. दलालाच्या भरवशावर घरची पुंजी घालवू नये.